धुराचा अलार्म घरात बसवताना: जागा, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

अमेरिकेहून सुट्टीला येणारी मुलं हल्ली आईवडिलांसाठी 'फर्स्ट अलर्ट'सारख्या कंपनीचा धुराचा अलार्म बॅगेत घालून आणतात. परतीच्या विमानाआधी तो घाईघाईने लावला जातो, आणि लावला जातो तो स्वयंपाकघरात. आग म्हटलं की आपल्याला आधी गॅसची शेगडी आठवते. मग पहिल्या फोडणीला तो कोकलतो, मिरच्या भाजताना पुन्हा कोकलतो, आणि शेवटी कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवतं. डबी छताला तशीच राहते. घरात अलार्म आहे असं सगळे धरून चालतात आणि प्रत्यक्षात तो नसतो. ही अवस्था अलार्म नसण्यापेक्षा वाईट आहे.

एक गोष्ट पक्की धरली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात: हा अलार्म झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी आहे. स्वयंपाक करणारा जागाच असतो, त्याला धूर दिसतो. रात्री अडीच वाजता हॉलमधल्या जुन्या एक्स्टेंशन बोर्डातून धूर निघू लागला, तर झोपलेल्याला तो वासाने कळेल या भरवशावर राहू नका. झोपेत वास घेण्याची शक्ती मंदावते आणि धुरातले वायू गुंगी आणखी वाढवतात.

खालचा क्रम मोडू नका. ड्रिल मशीन पाचव्या पायरीवर हातात घ्यायचं आहे.

## पायरी १: कोणत्या धोक्याला कोणतं यंत्र, हे आधी ठरवा

दुकानात तीन वेगळी यंत्रं मिळतात आणि लोक तिघांना एकच समजतात.

धुराचा अलार्म फक्त धूर ओळखतो. गॅस गळत असेल तर तो गप्प बसतो.

गॅस डिटेक्टर गळणारा इंधन-वायू ओळखतो, म्हणजे सिलिंडरचा एलपीजी किंवा पाइपमधून येणारा पीएनजी. धुराशी त्याचा संबंध नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अर्धवट जळणातून तयार होणारा विषारी वायू ओळखतो. या वायूला रंग नाही, वास नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असाल किंवा जनरेटर घराला लागून असेल, तर हे यंत्र लागेल.

धूर आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींसाठी एकत्रित यंत्र मिळतं. ते घेतलंत तर आवाजातला फरक घरातल्या सगळ्यांना शिकवा: धुराला तीन पीं आणि थांबा, कार्बन मोनॉक्साइडला चार पीं आणि थांबा.

तुमच्या सोसायटीत जिन्यात किंवा लॉबीत अलार्म असला तरी घरातल्या अलार्मची गरज संपत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावं लागतं. ते सोसायटीचं काम. बंद दाराआड, तुमच्या बेडरूममध्ये काय चाललंय हे ती यंत्रणा बहुधा सांगू शकत नाही.

## पायरी २: खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा

व्होल्टेज. अमेरिकेत नव्या घरांतले बरेचसे अलार्म थेट वायरिंगला जोडलेले असतात आणि ते १२० व्होल्टचे असतात. मागे वायरींचा गुच्छ असेल आणि अंगावर १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या घरात लावायचा नाही. सॉकेटमध्ये खोचायच्या तिथल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचंही तेच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागवण्याच्या फंदात पडू नका; जिवाच्या यंत्राला असली टेकू-व्यवस्था नको. बाहेरून मागवायचा असेल तर स्पष्ट सांगा: फक्त बॅटरीवर चालणारा. आपल्याकडे वीज जाते हे पाहता तोच बरा.

सेन्सर. आयनीकरण पद्धतीचा अलार्म ज्वाळा असलेली आग लवकर पकडतो. प्रकाश-किरणांवर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, धुमसणारी आग लवकर पकडतो. गादी, सोफा, वायरचं आवरण आधी बराच वेळ धुमसतं. शिवाय आयनीकरणवाला फोडणीला आणि भाजण्याला जास्त चिडतो, आणि त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी छोटा कण असतो. मराठी स्वयंपाक होणाऱ्या घरात फोटोइलेक्ट्रिकच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी. दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला मिळाला तर उत्तम. बॅटरी काढण्याचा मोहच उरत नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर पत्रकात सांगितलेल्या प्रकारचीच घाला. कोपऱ्यावरच्या दुकानात खेळण्यांसाठी मिळणारी स्वस्त कार्बन-झिंक बॅटरी किंवा रिचार्जेबल बॅटरी चालणार नाही.

तारीख. पाठीमागे उत्पादनाची तारीख असते. आयुष्य त्या तारखेपासून मोजायचं, लावल्याच्या दिवसापासून नाही. आकड्यांतली तारीख अमेरिकी पद्धतीची असेल तर महिना आधी आणि दिवस नंतर. सेलमध्ये स्वस्त मिळालेला अलार्म तीन वर्षं गोदामात पडून असू शकतो.

> तपासा: अंगावर अमेरिकेचं यूएल २१७ किंवा युरोपचं ईएन १४६०४ हे मानक छापलेलं आहे का? काहीच नसेल तर तो भिंतीवर लावण्याच्या लायकीचा नाही, मग किंमत कितीही कमी असो.

## पायरी ३: घराचा नकाशा काढा

एका कागदावर खोल्या, दारं, पंखे, एसी, शेगडी आणि झोपायच्या जागा काढा. कोण कुठे झोपतं ते प्रत्यक्ष विचारून लिहा. बऱ्याच घरांत आजोबा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात आणि नकाशात हॉल 'बसायची खोली' म्हणून सुटतो.

आता खुणा करा. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक. बेडरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये एक. बंगला किंवा डुप्लेक्स असेल तर प्रत्येक मजल्यावर किमान एक. टू बीएचकेला साधारण तीन अलार्म होतात. सध्या एकच हाती असेल, तर तो बेडरूमच्या दाराबाहेर, झोपण्याच्या जागा आणि बाकीचं घर यांच्या मधोमध लावा.

या अंतरांच्या आत लावू नका:

- शेगडीपासून ३ मीटर
- बाथरूमच्या दारापासून ९० सें.मी. (गरम पाण्याच्या वाफेला तो धूर समजतो)
- पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ९० सें.मी.
- एसीच्या थेट झोतापासून ९० सें.मी.

देवघराचाही विचार करा. रोजच्या दोन उदबत्त्या लांबच्या अलार्मला त्रास देत नाहीत. पण गुग्गुळाची धुरी, बाळ-बाळंतिणीचा शेक, कापूर, मच्छरची कॉइल या गोष्टी कुठे होतात ते नकाशावर लिहा आणि अलार्म त्यांच्या डोक्यावर येऊ देऊ नका.

मुंबईतल्या एका खोलीच्या किंवा चाळीतल्या घरात ३ मीटर मिळतच नाहीत. तिथे फोटोइलेक्ट्रिक प्रकार घ्या, आवाज तात्पुरता थांबवण्याचं बटण असलेला घ्या, आणि झोपण्याच्या बाजूला शेगडीपासून जास्तीत जास्त लांब लावा. शेगडीपासून ६ फुटांच्या आत मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

## पायरी ४: पंख्याचं गणित करून पेन्सिलने खूण करा

परदेशी पत्रकात 'खोलीच्या छताच्या मधोमध' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मधोमध पंखा असतो. पंखा सुरू असताना त्याचा झोत धुराला अलार्मपासून दूर ढकलू शकतो. म्हणून जागा मोजूनच काढावी लागते.

समजा खोली १० बाय १० फूट, पंखा नेहमीचा १२०० मि.मी. चा. मध्यापासून पात्याचं टोक ६० सें.मी. वर येतं. तिथून भिंतीकडे सरळ मोजलं तर जेमतेम ९० सें.मी. उरतात, म्हणजे अलार्म भिंतीला चिकटेल. आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली १० सें.मी. पट्टी चालत नाही, तिथे हवा साचून राहते आणि धूर उशिरा पोहोचतो. उपाय कर्णावर आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात दोन्ही भिंतींपासून ४० सें.मी. आत खूण करा. तिथून पात्याच्या टोकापर्यंत ९० सें.मी. हून जास्त अंतर मिळतं आणि भिंतींपासूनही पुरेसं लांब राहतं. चारपैकी जो कोपरा दाराच्या जवळ आणि एसीच्या झोताबाहेर असेल तो निवडा.

छतावर जागाच नसेल तर भिंतीवर लावता येतो, पण छतापासून खाली १० ते ३० सें.मी. या पट्ट्यातच. डोळ्यांच्या उंचीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला अलार्म निरुपयोगी.

पत्र्याच्या किंवा कौलारू घराला वेगळा नियम. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर जमतो आणि वर चढणारा धूर त्याच्या खालीच अडतो. शिवाय यातले बहुतेक अलार्म साधारण ४ ते ३८ अंश सेल्सियससाठी बनवलेले असतात. मे महिन्यात नागपूर-जळगावला पत्र्याला लागून त्याच्या कितीतरी वर तापमान जातं. अशा घरात आतल्या भिंतीवर, ज्या भिंतीला बाहेरचं ऊन लागत नाही तिथे, वरच्याच पट्ट्यात पण पत्र्यापासून सुटा लावा. उतरत्या छताला अगदी आढ्याच्या टोकातही लावू नका.

> सावध: खुणा झाल्या की लगेच भोक पाडू नका. अलार्म दोन दिवस त्या खुणेजवळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावून पाहा. फोडणी, आंघोळ, पूजा सगळं नेहमीसारखं होऊ द्या. विनाकारण वाजला तर जागा बदला. भिंतीत चुकीचं भोक पडलं की माणूस चुकीची जागाच चालवून घेतो.

## पायरी ५: आता बसवा

१. छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर आतून वायरी गेलेल्या असतात. मेन स्विच बंद करा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्लॅबला हॅमर ड्रिल लागेल.

२. शिडीवर चढण्याआधी पंखा बंद करा आणि खाली कुणाला तरी शिडी धरायला उभं करा.

३. अलार्मची मागची गोल पाटी सुटी करा, छताला धरून भोकांच्या खुणा करा. भोक पाडा, प्लास्टिकचा फिशर ठोका, स्क्रू आवळा. पीओपीला साधा फिशर धरत नाही. पोकळ सीलिंगसाठीचा वेगळा मिळतो तो वापरा.

४. ड्रिलची धूळ पूर्ण बसू द्या आणि पुसा. मगच अलार्म वर न्या. सिमेंटची बारीक धूळ आत गेली की सेन्सर खोटं वाजू लागतो. ही चूक इतकी सर्रास होते की नवा अलार्म 'खराब निघाला' म्हणून परत करणाऱ्यांनी आधी ही शंका घ्यावी.

५. बॅटरी घाला. सीलबंद असेल तर पट्टी ओढून, स्विच सरकवून किंवा पाटीवर फिरवून ती चालू होते. तुमच्या मॉडेलचं पत्रक पाहा.

६. अलार्म पाटीवर टेकवून फिरवा, खट्ट असा आवाज येईपर्यंत. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी नसेल तर तो पाटीवर बसतच नाही. जोर लावू नका, आधी बॅटरी बघा.

## पायरी ६: चाचणी उशीवरून घ्या

चाचणीचं बटण काही सेकंद दाबून धरा. तीन पीं, थांबा, तीन पीं असा आवाज आला की यंत्र चालू आहे. पण चाचणी इथे संपत नाही.

एकाने पॅसेजमधलं बटण दाबावं. बाकीच्यांनी आपापल्या खोलीत जाऊन दार लावावं, पंखा आणि एसी नेहमीच्या वेगावर ठेवावा आणि उशीवर डोकं टेकवून ऐकावं. ३ मीटरवर ८५ डेसिबल असलेला आवाज बंद दार आणि पंख्याच्या घरघरीपलीकडे बराच खाली येतो. नीट ऐकू येत नसेल तर त्या खोलीत स्वतंत्र अलार्म हवाच. एकमेकांशी बिनतारी जोडलेले अलार्म घेता आले तर एक वाजला की सगळे वाजतात.

आजी-आजोबांची चाचणी वेगळी घ्या, आणि कानातलं यंत्र काढून घ्या, कारण रात्री ते काढलेलंच असतं. नेहमीचे अलार्म सुमारे ३००० हर्ट्झच्या तीव्र स्वरात वाजतात आणि वयानुसार नेमका तोच स्वर आधी ऐकू येईनासा होतो. त्यांच्यासाठी ५२० हर्ट्झच्या खालच्या स्वरातला अलार्म किंवा गादीखाली ठेवायचं थरथरणारं उपकरण मिळतं. मुलांनी परदेशातून काही आणायचंच असेल तर हे आणावं.

> सावध: अलार्मखाली उदबत्ती धरून चाचणी घेऊ नका. तेलकट धुराचा थर आत बसतो. बटणाची चाचणी पुरे. खऱ्या धुरासारखी हवी असेल तर त्यासाठी बनवलेला स्प्रे मिळतो.

## पायरी ७: गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडची यंत्रं

इथे उंची चुकते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर पसरतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून साधारण ३० सें.मी. वर. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. त्याचा डिटेक्टर छताखाली ३० सें.मी. च्या आत. मुंबई-पुण्यात सिलिंडर जाऊन पाइप आला आणि डिटेक्टर ओट्याखालीच राहिला, अशी घरं आहेत. ती आजच तपासा. यंत्र दोन्ही वायूंना चालणारं आहे का तेही पाहा.

गॅस डिटेक्टर वाजला तर कुठलंही बटण दाबू नका: लावू नका आणि बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. फोन बाहेर गेल्यावर करा. एलपीजी गळतीसाठी १९०६.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाथरूमच्या आत लावू नका, वाफेने तो बिघडतो. बाथरूमबाहेर आणि झोपायच्या खोलीजवळ लावा. पण त्याच्यावर किती विसंबायचं हे समजून घ्या. अमेरिकी मानकाप्रमाणे हवेत दशलक्ष भागांत ७० भाग वायू असेल तर तो १ ते ४ तासांत वाजतो. ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. बंद बाथरूममध्ये धूर बाहेर टाकणारा पाइप नसलेला गिझर चालू असेल, तर आंघोळ करणारा बाहेरचा अलार्म वाजण्याआधी कोसळू शकतो. म्हणून गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत हलवा. तो हलेपर्यंत बादली भरायची, गिझर बंद करायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि मग आत जायचं. कुणाला आंघोळीनंतर डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं असं वरचेवर होत असेल तर 'पित्त झालं' म्हणून सोडून देऊ नका.

## पायरी ८: वाजल्यावर काय करायचं, त्याची तालीम

अलार्म वाजला की हातात मोजकी मिनिटं असतात. ती सेफ्टी डोअरची किल्ली शोधण्यात जातात. किल्ली दाराजवळ ठरलेल्या खुंटीवर, रात्रीसुद्धा. खिडक्यांना बॉक्स ग्रिल असेल तर निदान एका ग्रिलला आतून उघडणारं दार करून घ्या. जिन्यातलं चपलांचं कपाट आणि जुनी सायकल हलवा.

तालीम रात्री, दिवे बंद करून घ्या. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावायची. गरम असेल तर उघडायचं नाही. धुरात खाली वाकून, रांगत जायचं. लिफ्ट नाही. सगळ्यांनी सोसायटीच्या गेटपाशी जमायचं आणि माणसं मोजायची. फोन बाहेरून: १०१ किंवा ११२. जिना धुराने भरलेला असेल तर परत आत, दार बंद, दाराच्या फटीत ओले कपडे, आणि खिडकीतून दिसत राहायचं.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद, कढईवर झाकण सरकवायचं, आणि तेल पूर्ण थंड होईपर्यंत उचलून बघायचं नाही. आग विझवायचं सिलिंडर घेतलं असेल तर त्यावर आयएस १५६८३ लिहिलेलं पाहा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा, आणि ते शेगडीशेजारी न टांगता बाहेर पडण्याच्या दाराजवळ टांगा. घरगुती सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास चालतं. पिन काढा, नळी आगीच्या बुडाकडे, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पाठ कायम दाराकडे.

## पायरी ९: देखभाल

महिन्यातून एकदा बटण दाबून चाचणी. कुणी पगाराचा दिवस धरा, कुणी संकष्टी. गुढीपाडवा आणि दसरा यांच्या आधीच्या आवराआवरीत मऊ ब्रशने किंवा व्हॅक्युमने बाहेरची जाळी साफ करा. पाण्याने, फिनेलने, स्प्रेने नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बारीक किडे आत शिरतात आणि अलार्म मध्यरात्री उगाच वाजतो. ही सफाई त्यावर बहुधा पुरते.

घराला रंग देताना किंवा पेस्ट कंट्रोलच्या दिवशी अलार्म उतरवून पिशवीत ठेवा आणि संध्याकाळी परत चढवा. रंगाऱ्याने अलार्मवरूनच ब्रश फिरवला असेल तर तो बाद समजा, पुसून उपयोग नाही.

दर मिनिटाला एकदाच 'टिक' असा आवाज येत असेल तर आग नाही, बॅटरी संपत आली आहे. त्याच दिवशी बदला. नवी घालूनही आवाज चालू राहिला तर मागची तारीख पाहा. त्या तारखेला १० वर्षं झाली की धुराचा अलार्म बदलायचा, बटणाला प्रतिसाद देत असला तरीही, कारण बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, जुन्या सेन्सरची धार तपासत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्राची मुदत अनेकदा त्याहून कमी असते. ती अंगावर छापलेली असते. लावताना डबीच्या कडेला मार्करने बदलण्याचं साल लिहून ठेवा, खालून वाचता येईल असं मोठं.

जुना अलार्म आयनीकरण पद्धतीचा असेल तर तो फोडू नका, जाळू नका, भंगारवाल्याला देऊ नका. उत्पादकाकडे परत पाठवण्याचा पत्ता पत्रकात असतो. फोटोइलेक्ट्रिक असेल तर बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्या. सीलबंद बॅटरीच्या अलार्मला मागे ती कायमची बंद करण्याची सोय असते, ती आधी वापरा.